पॉइंट चाळीस

चोरी तुम्ही केली आहे. शाळेला मास्तर द्यायचा तुम्ही, दिला नाही. पुस्तकातला धडा शिकवायची सोय करायची तुम्ही, केली नाही. आणि मग त्याच धड्यावर पेपर काढलात, लेकरांना रांगेत बसवलंत, गोळे काळे करायला लावलेत, आणि जे शिकवलंच नाही ते आलं नाही म्हणून पोरगी गाळून टाकलीत. घरात शिरून भांडी नेणारा चोर परवडला. तो नेतो ते नेतो, वर घरमालकाला नापास करत नाही. तुमचं नाव इथं घेतलेलं नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात म्हणून.

पोरीचं नाव करुणा. गाव भीमेच्या काठचं, शिरूर तालुक्याचं पार टोक. पूल ओलांडला की दौंड तालुका. बुद्धविहाराच्या मागच्या आळीत तिचं घर. बाप चांगदेव खाजगी मोजणीवाल्याच्या हाताखाली काम करायचा. शिरूरपासून दौंडापर्यंत कुठं कुणाचा बांध सरकला, कुठं भावाभावांत वाटप निघालं, की चांगदेव टेपेचं टोक धरून उसात शिरलाच म्हणून समजा. अंगभर पानांचे ओरखडे घेऊन बाहेर यायचा. आई सुरेखा रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनात, ठेकेदाराच्या हाताखाली चपात्या लाटायची. फाट्यावर कंपनीची बस यायची, ती तिला उचलायची आणि संध्याकाळी तिथंच आणून टाकायची.

आणि करुणा पाचवीला. पोरगी अशी की तुमचा प्रश्न अर्धा तोंडात असायचा आणि तिचं उत्तर बाहेर. भाकरी किती टाकायच्या, बस किती वाजता फाट्यावर पोचेल, चुलत्याच्या शेळ्या पुढच्या वर्षी किती होतील, सगळं तिला विचारायचं. आळीतल्या म्हाताऱ्या तर गंमत म्हणून तिला हाक मारायच्या. "ये गं हिशेबनीस, सांग बरं, माझं वय काय?" म्हातारी आपलं लग्न कुठल्या दुष्काळात झालं ते सांगायची आणि करुणा वय काढून द्यायची.

शाळेतल्या प्रतिभा मॅडमनी सुरेखाला बोलावून घेतलं होतं. "हिला निवासी शाळेच्या परीक्षेला बसवा. सहावीपासून बारावीपर्यंत तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. सगळं चांगलं आहे तिथं. पण परीक्षा पाचवीतच देता येते. एकदाच."

ते 'एकदाच' सुरेखाच्या काळजात जाऊन बसलं. ती स्वतः आठवीतनं निघालेली. निघालेली म्हणजे काढलेली. हायस्कूल नदीच्या पलीकडं, आणि पोरीच्या जातीनं एकटं जायचं कसं, या एका प्रश्नावर तिचं शिक्षण संपलं होतं. आता तिच्या पोरीपुढंही तीच नदी होती. ही शाळा मिळाली तर नदीचा प्रश्नच मिटत होता.

आता प्रतिभा मॅडमचं ऐका. शाळेला दोन मास्तर मंजूर. एक जागा रिकामी, आणि ती रिकामी असल्याचं आता कुणाला नवलही वाटत नव्हतं. पाची वर्ग या एका बाईच्या गळ्यात. त्यातही अपूर्णांक, दशांश आणि टक्केवारीचे धडे आले तेव्हा मॅडमना मतदारयादीच्या कामाला लावलं होतं. त्या दारोदार जाऊन कोण मेलं, कोण नांदायला गेलं, हे टिपत होत्या. जाताना पोरांना म्हणाल्या, "धडा घरी वाचून घ्या रे." पोरांनी घरी जाऊन काय वाचलं असेल ते तुम्हीच समजा.

करुणाच्या घरी मात्र बाप होता. चांगदेवाला पोरीचा भारी अभिमान. गावातले बागाईतदार विक्रमराव यांची स्नेहल, करुणाच्याच वयाची, दौंडला आत्याकडं राहून परीक्षेचा क्लास लावत होती. करुणानं एकदा विचारलं, "आण्णा, मी बी जाऊ का स्नेहलसंगं?" तर हा म्हणाला, "कशाला? पॉइंटचं गणितच ना? माझा सगळा जलम पॉइंटातच गेलाय. मी शिकवतो."

आणि त्यानं शिकवलं. अंगणात बसून, काडीनं मातीत.

"हे बघ. पॉइंटच्या डाव्या अंगाला एकर, उजव्या अंगाला गुंठे. एक पॉइंट पाच म्हंजी एकर पाच गुंठे. एक पॉइंट पंचवीस म्हंजी एकर पंचवीस गुंठे. मोठं कुठलं?"

"पंचवीसवालं."

"शाब्बास. आन् चाळीस गुंठे झाले का एकर भरला. म्हंजी पॉइंट चाळीस झालं का पुरा एक. आपल्या सातबाऱ्यावर काय हाय?"

"शून्य पॉइंट चाळीस."

"आन् आपलं रान किती?"

"एक एकर."

"झालं. अर्धा म्हंजी ईस गुंठे, पाऊण म्हंजी तीस, पुरा म्हंजी चाळीस. ह्याच्याबाहेर काय न्हाई."

यात चांगदेव खोटं बोलला नाही. त्या मुलखात कुणालाही विचारा. कागदावरचे ते शून्य पॉइंट चाळीस हेक्टरचे असतात, पण हेक्टर हा शब्द माणसांच्या तोंडात नाही, तो फक्त कागदावर राहतो. गावात चाळीस म्हणजे चाळीस गुंठे, आणि चाळीस गुंठे म्हणजे एकर. मोजणीवालाही आपल्या चिठ्ठीवर एकर आणि गुंठ्यांच्या मध्ये नुसतं टिंब देतो. भाऊ भावाचं डोकं फोडतो तेही याच टिंबाच्या पुढच्या आकड्यावरून. शाळेतला पॉइंट निराळा आणि बांधावरचा निराळा, हे चांगदेवाला सांगणार कोण? ज्यांनी सांगायचं ते मेलेल्या मतदारांची नावं खोडत होते.

परीक्षा शिरूरला झाली. सुरेखानं त्या दिवशी कँटीनचा खाडा केला, चांगदेवही बरोबर आला. पेपर सुटला तशी करुणा फाटकातून जवळजवळ पळतच बाहेर आली. तोंड उजळलेलं. विक्रमरावही स्नेहलला घ्यायला जीप घेऊन आले होते.

"चल रे चांगदेवा, बसा गाडीत. एकाच गावाला जायचंय, येष्टीला कशाला ताटकळता."

"तुम्हाला तरास नको, विक्रमराव."

"आरं बस. तुला काय डोक्यावर घेऊन चाललोय का?"

चांगदेव पुढं बसला. मागं सुरेखा आणि दोन्ही पोरी. न्हावऱ्याच्या अलीकडं पोरींची पेपरावरून कुजबुज सुरू झाली.

"ते उतरत्या क्रमाचं काय केलंस गं?" स्नेहलनं विचारलं. "पॉइंट चाळीस, तीन छेद चार आन् पन्नास टक्के."

"लई सोपं व्हतं. आधी पॉइंट चाळीस, मग तीन छेद चार, मग पन्नास टक्के."

"उलटं केलंस की. पॉइंट चाळीस सगळ्यात लहान."

करुणा हसली. "तुझ्या पप्पांचं बारा एकर हाय. तुला एक एकर लहानच दिसणार."

विक्रमरावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "चांगदेवा, पोरगी वकील होती बघ तुझी."

"वकील नको. कलेक्टर करायचीय."

"मग आमचं काम करशील ना गं, कलेक्टरीणबाई? का रांगेत उभं करशील?"

"रांगेत," करुणा म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. सुरेखाही हसली. असं दुसऱ्याच्या गाडीत, सगळ्यांच्या बरोबरीनं तिनं कधी हसल्याचं तिलाच आठवत नव्हतं.

स्नेहल हसली नाही. "पप्पा, हसू नका. पॉइंट चाळीस म्हंजी चाळीस टक्के."

"कशाचे चाळीस टक्के? अगं घरी गेल्यावर सातबारा काढ. पॉइंट चाळीस म्हंजी एकर. पुरा. पाऊण आन् अर्धा त्याच्याहून मोठा व्हईल व्हय? करुणाचं बरोबर हाय."

"पर प्रश्नात एकर नव्हतंच. नुसते आकडे व्हते."

"नुसता आकडा कुठं असतोय? आकडा कशाचा तरी असतोच."

"शाळेत असतोय नुसता. आमच्या दौंडच्या मॅडमनी सांगितलंय, अपूर्णांक येऊ दे, पॉइंट येऊ दे, आधी समद्यांचे टक्के करायचे, मग लावायचे. शंभर सारखे भाग करायचे, त्यातले चाळीस घ्यायचे. तीन छेद चार म्हंजी शंभरातले पंच्याहत्तर. पन्नास टक्के म्हंजी पन्नास. मग चाळीस लहानच की."

"शंभर?" करुणानं विचारलं. "चाळीस न्हाईत?"

"शंभर, न्हाईतर दहा, न्हाईतर हजार. चाळीस कवाच नसतात."

सुरेखाला यातलं काही कळलं नव्हतं. तिला फक्त पोरीचं तोंड दिसत होतं. पोरगी ओठांतल्या ओठांत सगळा पेपर पुन्हा सोडवत होती.

"मग एक पॉइंट पाच आन् एक पॉइंट पंचवीस?" करुणानं हळूच विचारलं.

"एक पॉइंट पाच मोठा. पाच म्हंजी पन्नास. शंभरातले."

करुणानं तोंड खिडकीकडं केलं. रस्त्याच्या कडेनं ऊस पळत होता. पुढं बसलेला चांगदेव मागं वळला नाही. त्याची मान ताठ झाली होती, आणि गाव येईस्तोवर ती तशीच राहिली.

"जाऊ दे," विक्रमराव म्हणाले. "एका प्रश्नानं काय हुतंय?"

पण प्रश्न एक नव्हता. अपूर्णांक, दशांश आणि टक्के यांनी पेपर भरला होता. लहानमोठं ओळखा, चढता क्रम लावा, उतरता क्रम लावा, मधला कोणता ते सांगा. करुणानं प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात मातीत रेघ ओढली होती आणि चाळीसाला एक धरला होता. एकही गोळा अंदाजानं काळा केला नव्हता. अंदाजानं केले असते तर चार तरी बरोबर आले असते. नीट विचार करून केले, म्हणून सगळे चुकले.

निकाल लागला. स्नेहल घेतली. करुणा नाही.

विक्रमराव पेढे घेऊन आळीत आले. या आळीत ते फक्त निवडणुकीला यायचे. दारातच उभे राहिले, आत येईनात आणि जाईनातही. "सुरेखाताई, खोटं सांगत न्हाई. दौंडात ती मास्तरीण नसती तर आमचं पोरगं बी गेलंच व्हतं. मी शिकवलं असतं तर चांगदेवानं शिकवलं तेच शिकवलं असतं." पेढ्यांचा पुडा त्यांनी कट्ट्यावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण दौंडात आत्या असणं ही काही हुशारी नव्हे, हे त्यांनाही कळलं होतं आणि म्हणूनच त्यांना उभं राहवत नव्हतं.

त्या संध्याकाळी करुणा बापापुढं उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"आण्णा, तुम्ही मला चुकीचं का शिकवलं?"

"चुकीचं न्हाई गं, बाळा." चांगदेव म्हणाला. "ते जमिनीचं व्हतं."

"मला परीक्षेचं पायजे व्हतं."

चांगदेव उठून बाहेर गेला. पुढं तो कामावर जात राहिला, टेप धरत राहिला, पण पोरीसमोर आकडा म्हणून उच्चारीना. कुणाचं रान मोजलं, किती भरलं, जेवताना सांगायची त्याची सवय होती. ती मोडली. बापलेकीत जे काही होतं ते सगळं आकड्यांतच होतं, हे सुरेखाला आकडे थांबल्यावर समजलं.

आणि करुणा. तिनं उत्तरं द्यायची सोडली. भाकरी किती टाकू, म्हटलं तर म्हणायची, "तूच मोज." म्हाताऱ्यांनी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायची. शाळेत मॅडमनी विचारलं तर आधी बाकीच्या पोरांच्या तोंडाकडं बघायची. परीक्षेनंतर स्नेहल गावात होती तोवर तिच्याकडून तिनं टक्के करायचं सगळं शिकून घेतलं होतं, तेही दोन दुपारींत. एकदा अंगण झाडताना स्वतःशीच पुटपुटताना सुरेखानं ऐकलं होतं, "एक पॉइंट पाच मोठा, पाच म्हंजी पन्नास." येत होतं सगळं. पण कुणी विचारलं की तोंडाला कुलूप. जे पक्कं ठाऊक होतं तेच खोटं निघालं, म्हटल्यावर पोरानं कशावर भरवसा ठेवायचा?

सुरेखा आधी प्रतिभा मॅडमकडं गेली. भांडायलाच गेली होती. मॅडमनी भांडू दिलं, आणि मग म्हणाल्या, "सुरेखाताई, मला शिव्या द्या, मी घेते. तो धडा मी शिकवलेला नाही. पण किती शिकवलं ते ऑनलाइन भरताना शंभर टक्के पूर्ण असंच भरावं लागतं. त्याखाली भरलं तर खुलासा मागतात. आणि खुलासा दिला तर म्हणतात, तुम्हीच कामचुकार. माझ्यापाशी थांबू नका. वर जा."

वर म्हणजे ज्या ऑफिसातून शाळा चालतात तिथं. चांगदेव फाटकापर्यंत आला आणि थांबला. "मी आत येऊन काय तोंड दाखवू? माझंच शिकवलेलं हाय." सुरेखानं पोरीचा हात धरला आणि आत गेली.

साहेब तसे गोड बोलले. सगळं ऐकून घेतलं. मग करुणाकडं वळले. "म्हणजे तू शून्य पूर्णांक चाळीस हे एकाएवढं धरलंस? एकाएवढं?" आणि हसले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. "अहो, हे ऐका जरा. शून्य पूर्णांक चाळीस बरोबर एक."

दोघं उठून आले. त्यातला एक म्हणाला, "यांच्या वस्तीत निराळं गणित चालत असेल, साहेब."

"साहेब, बारा एकरवाले बागाईतदार बी हेच सांगत व्हते," सुरेखा म्हणाली. "तेंच्या दारात जाऊन हसा की. हसताल का?"

हसणं जरा खाली आलं.

"बाई, तुमचा राग समजतो," साहेब म्हणाले. "पण घरच्यांनीच चुकीचं शिकवलं तर त्याला शासन काय करणार?"

"घरच्यांनी शिकवलं, कारण दुसऱ्या कुणी शिकवलंच न्हाई."

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. "असं कसं? तुमच्या शाळेचा हा घटक पूर्ण आहे. शंभर टक्के. हे बघा."

"कुणी शिकवला?"

"शिक्षकांनी."

"कुठल्या? दोन पायजेत. हाय एक. आन् ती एक बी तवा मतदारांच्या घरी हिंडत व्हती. तुम्हीच धाडलेली."

"ते वरून येतं. माझ्या हातात नाही."

"शाळेला मास्तर देणं?"

"तेही वरून येतं."

"आन् ही पुन्हा परीक्षेला बसू शकंल का?"

"नाही. वयाची अट आहे."

"ती कुठनं येती?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग प्रकरण गोडीत मिटवावं म्हणून पुन्हा करुणाकडं वाकले. "जाऊ दे. आता तरी समजलं ना, बाळ? सांग बरं, एक पूर्णांक पाच आणि एक पूर्णांक पंचवीस, मोठं कोण?"

करुणानं त्यांच्याकडं बघितलं. मग मागं उभ्या असलेल्या त्या दोघांकडं बघितलं. ते उत्तराची वाट बघत होते, तोंडं आधीच हसायच्या तयारीत. सुरेखाला माहीत होतं, पोरीला येतंय. तिनं तिचा हात दाबला. "सांग की गं. तुला येतंय."

करुणा बोलली नाही. खाली फरशीकडं बघत राहिली. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

"बघा," साहेब पाठीमागं रेलले. "अजून येत नाही. आम्ही तरी काय करायचं?"

सुरेखानं पोरीचा हात सोडला. साहेबांसमोरची खुर्ची ओढली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. ती बसली.

"माझी पोरगी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत व्हती," ती म्हणाली. "आख्खं गाव तिला इचारत व्हतं. आता ती बोलत न्हाई. तुम्ही इचारलं, ती गप बसली, तर तुम्ही म्हणता येत न्हाई. बरं. आता मी इचारते. मला पेपरातलं काय कळत न्हाई, मी एवढंच इचारते. हिला तो धडा शिकवायचं काम कुणाचं व्हतं? वरून, खालून, धोरण, ह्यातलं काय नको मला. माणसाचं नाव सांगा. आन् त्या माणसाला कुठल्या परीक्षेत बसवलं, तो पास झाला का नापास, ते बी सांगा."

साहेबांनी फोन उचलला आणि त्यात बघायला लागले. मागचे दोघं आपापल्या टेबलाकडं निघाले.

"तुम्ही दोघं बी थांबा," सुरेखा म्हणाली. "हसायला आला व्हता ना, ऐकायला बी थांबा. मी आजची पाळी बुडवून आलेय. मला जायची घाई न्हाई. साहेब, फोन ठेवा. इकडं बघा. कुणाचं काम व्हतं? सांगा."